खरवडलेली आफ्रिका

मी पालघरच्या हायस्कुलात इतिहास-भूगोलाचा शिक्षक म्हणून रुजू झालो ते १९६० साल. त्याच वर्षी आफ्रिकेतले देश एकामागोमाग एक स्वतंत्र होऊ लागले, आणि त्याचा सर्वांत जास्त त्रास, माझ्या माहितीप्रमाणे, मला झाला. बेल्जियमच्या राजालाही झाला असेल, पण त्याची नोकरी कायम होती.

माझी नव्हती. त्या काळी खासगी शाळांत एक सोयीची पद्धत होती. शिक्षकाला जूनमध्ये नेमायचं, एप्रिलअखेर आभार मानून घरी पाठवायचं आणि जूनमध्ये पुन्हा नेमायचं. असा मी चार वर्षं दर उन्हाळ्यात बेकार होत होतो. हजेरीपटावर माझ्या नावापुढे कंसात 'तात्पुरते' लिहिलेलं असे. वाईकडच्या एका पोस्टमास्तरांनी आपली मुलगी मला द्यायचं कबूल केलं होतं, पण 'कायम झालात की कळवा' या अटीवर. मुलीला मी एकदाच पाहिलं होतं. चहा देताना ती एवढंच म्हणाली, "साखर खाली बसलीय, ढवळून घ्या." त्या एका वाक्यावर मी चार वर्षं काढली. चौसष्टच्या जूनमध्ये पोस्टमास्तरांचं कार्ड आलं. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो, पुढे दुसरं स्थळ पाहणं भाग आहे. पोस्टमास्तर असूनही त्यांनी एका कार्डात मावेल एवढंच लिहिलं होतं.

आता आफ्रिका यात कुठून आली ते सांगतो.

आमच्या मुख्याध्यापकांना भव्य गोष्टींची आवड होती. मी येण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ठरवलं, की सभागृहाच्या पूर्वेकडच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत एका खंडाचा नकाशा रंगवून घ्यायचा. तो निदान पन्नास वर्षं टिकावा म्हणून सातपाटीहून होड्या रंगवणारा माणूस बोलावला. समुद्राचं पाणी ज्या रंगाला काही करू शकत नाही त्याला शाळेची भिंत काय करणार, हा त्यांचा हिशेब. रंगाऱ्याने सगळे खंड पुस्तकात उलटसुलट करून पाहिले. आशियाला काठ फार, युरोप म्हणजे नुसत्या चिंध्या. आफ्रिकेवर बोट ठेवून तो म्हणाला, "यो जमंल. याला खाड्या कमी हायेत." अशा रीतीने खंड निवडला गेला. पुढे मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगत, "आफ्रिका हा भविष्याचा खंड आहे, हे मी तेव्हाच ओळखलं होतं."

इंग्रजांचा मुलूख लाल, फ्रेंचांचा हिरवा, पोर्तुगीजांचा पिवळा, बेल्जियमचा निळा. होड्यांचे उरलेले डबे होते तेवढेच रंग, म्हणून साम्राज्यंही तेवढीच. उद्घाटनाला नारळ फुटला, पन्नास वर्षांच्या टिकाऊपणावर भाषण झालं, आणि वर्षाच्या आत निम्मी भिंत खोटी ठरली. मी रुजू झालो त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला भिंतीसमोर उभं केलं आणि म्हणाले, "हा विभाग तुमचा. अद्ययावत ठेवा."

त्याच उन्हाळ्यात आपलं राज्यही नवं झालं होतं. उंबरगाव शेजारून उठून गुजरातेत गेलं. पण त्या नकाशाची मुख्याध्यापकांना काळजी नव्हती, कारण तो कागदाचा होता आणि कागद फेकता येतो.

रंगारी वर्षातून एकदाच यायचा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा त्याला मान वर करायला सवड नसे. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या, की तो उरलेले डबे सायकलीला बांधून शिरगाववरून पालघरला यायचा. साधारण पन्नाशीचा, किडकिडीत, दोन्ही कानांमागे एकेक विडी. भिंतीसमोर उकिडवा बसून पहिला प्रश्न ठरलेला, "बोला मास्तर, यंदा कोन कोन सुटला?"

मी कात्रणांची वही काढून वाचत असे. नायजेरिया. सेनेगल. माली. तो ऐकून घ्यायचा आणि मग पटाशी काढायचा.

पटाशीच आमच्या कथेचं मूळ आहे. पहिल्या वर्षी मी त्याला म्हटलं, "खरवडता कशाला? वरून रंग मारा आणि नवं नाव घाला. दोन दिवसांत होईल."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी होडीत चपला घालून चढलो होतो.

"मास्तर, होडी इकली, तर जुन्या मालकाचा नाव आमी लाकडापोत खरवडतो. वरशी रंग मारला, तर नाव खालीच ऱ्हाते. मंग होडी कोनाची? जाली टाकायची याने न् मासली जायची त्याच्या नशिबात."

"ही भिंत आहे हो. होडी नाही."

"मालक बदलला ना? मंग झाला."

मी पुढे वाचलेल्या जाड पुस्तकांत, देश स्वतंत्र होऊनही जुना मालक खाली कसा शिल्लक राहतो, यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. रंगाऱ्याने ती एका वाक्यात उरकली होती आणि तंबाखू मागितली होती.

तर तो खरवडायचा. रंग, चुना, मग गिलावा, विटेपर्यंत. मग तिथे नवा रंग, त्यावर देशाचं नाव, आणि शेवटी, मालक बदललेल्या होडीला लावतात तशी कुंकवाची पाच बोटं. होड्यांचे डबे दरवर्षी वेगळे असल्यामुळे कॉंगो आणि सातपाटीच्या एका मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांची होडी एकाच पोपटी रंगाची निघाली. मुख्याध्यापकांना कुंकू अजिबात पसंत नव्हतं. "विज्ञानयुगात ही अंधश्रद्धा!" असं ते सभागृहात म्हणाले, त्याच सभागृहात, जिथे दर श्रावणात शाळेचा सत्यनारायण होत असे आणि पूजेला तेच बसत.

वर्षं गेली तशी आफ्रिका खोल होत गेली. जो देश लवकर स्वतंत्र झाला तो एकदाच खरवडला गेला, जिथे गडबड झाली तो दोनदा. हात फिरवला तर इतिहास बोटांना लागे. मुलांना पाठांतराची गरज उरली नाही, ती खड्डे मोजून उत्तरं देत.

गोवा सुटलं त्यानंतरच्या भाद्रपदात रंगाऱ्याने आल्या आल्या पिवळ्या भागावर पटाशी ठेवली. मी त्याला थांबवलं. अंगोला, मोझांबिक अजून पोर्तुगीजांकडेच आहेत म्हटलं.

"गोव्याशी गेला ना तो?"

"गोव्याहून गेला. इथून नाही."

"आमच्या शिरगावशी तं कवाच गेला. किल्ल्यात आता कबुतरा ऱ्हातात." पटाशी त्याने काढून घेतली, पण नाराजीने. "लय चिवट. ऱ्हाऊ दे, मी हाय अजून."

चौसष्टच्या नारळी पौर्णिमेनंतर तो आला तेव्हा माझ्या वहीत केनिया होतं, मलावी होतं आणि एक अडचण होती. टांगानिका आधीच एकदा खरवडून झालं होतं. शेजारचं झांझिबार बेट डिसेंबरात सुटलं, जानेवारीत तिथे क्रांती झाली आणि एप्रिलमध्ये दोघांचं मिळून एक राज्य झालं. मी हे सगळं त्याला सांगितलं. त्याने एक बोट बेटावर ठेवलं आणि एक टांगानिकावर.

"म्हंजे दोन होड्या एका मालकाच्या झाल्या."

"तसंच."

"मंग दोनी खरवडायच्या." त्याने खरवडल्या. "बोला, नाव?"

इथे माझी चूक झाली. 'टांगानिका आणि झांझिबार यांचं संयुक्त प्रजासत्ताक' असं म्हणून मी मोकळा झालो असतो, पण वाचलेलं सगळं सांगून टाकायची मास्तरांना खोड असते. मी म्हणालो, "एवढं लांब नाव आहे खरं, पण तिथले लोक ते बदलणार आहेत म्हणे. नवं नाव अजून ठरलेलं नाही."

रंगाऱ्याने ब्रश डब्यात ठेवला. "ठरला की सांगा."

"अहो, तोवर जुनं घाला!"

"खरवडलेला नाव परत घालू? मास्तर, तुमी शिकलेले ना?"

त्याने तेवढी जागा सोडून बाकीचं काम पुरं केलं, त्या दोन खड्ड्यांना आगाऊ कुंकू लावलं आणि सायकलवर बसून गेला.

चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. टेबलावर दोन पत्रं होती. एक इन्स्पेक्टरसाहेबांच्या तपासणीचं. दुसऱ्यात असं, की त्याच दिवशी सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्था पाहायला आफ्रिकेतून एक सहकार अधिकारी येत आहेत आणि परतताना ते आपल्या शाळेस भेट देतील. हे दुसरं मुख्याध्यापकांनीच खटपट करून जुळवलं होतं. बोईसर-तारापूरकडे तेव्हा अणुवीज केंद्राच्या जीपगाड्या जाऊ-येऊ लागल्या होत्या, त्यातले साहेब आमच्या दारात एकदाही थांबले नव्हते, ते शल्य त्यांना होतं.

"पाहुणे कोणत्या देशाचे?" मी विचारलं.

मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून पत्र वाचलं. "टांगानिका."

माझा चेहरा पाहून ते उठून सभागृहात गेले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज भाषणाचा झाला होता. "एक राष्ट्र आपल्या दारी येत आहे आणि आपण त्याच्या जागी खड्डा दाखवणार? तुम्हाला कायम करण्याचा प्रस्ताव माझ्या खणात आहे. तपासणीचा शेरा पाहूनच तो वर जाईल. समजलं?"

समजलं. मी त्याच दिवशी सातपाटीला गेलो. बंदरावर सुक्या मासळीच्या वासात रंगारी एका होडीखाली आडवा होऊन भेगा भरत होता. मी तिथेच वाळूत बसून त्याला सगळं सांगितलं. कायम होणं, पोस्टमास्तर, तुळशीचं लग्न. मी कोणाहीपुढे इतका उघडा पडलो नव्हतो.

तो होडीखालून बाहेर आला. "पोर कशी हाय?"

"बरी आहे."

"एकदाच पायली न् चार वरसा थांबला?" त्याची बायको पाटी भरत होती, तिला तो ओरडून म्हणाला, "आयकला काय गो? मास्तर चार वरसा थांबलाय!"

"तू चार दिस नाय थांबलास," ती वर न पाहता म्हणाली.

"मग घालाल ना नाव?" मी विचारलं.

"नाय." तो खरोखर कळवळून म्हणाला. "मास्तर, तुमच्यासाठी दुसरा काय पन सांगा. घराला रंग मारून देतो. पन नाव मालक सांगंल तवा. ज्याचा हाय त्याचा तो सांगंल. आपून कोन?" मग म्हणाला, "त्या दिवशी मी येतो. डबा घेऊन बसतो. त्यालाच इचारू."

हा तोडगा मुख्याध्यापकांना सांगण्यासारखा नव्हता. मी माझा तोडगा काढला. निळ्या कागदावर 'टांगानिका' हे नाव ठसठशीत लिहिलं, खड्ड्याच्या आकारात कागद कापला आणि खळीने चिकटवला. बेटावर वेगळा तुकडा. चार पावलांवरून पाहिलं तर कळत नव्हतं. ज्यांना जवळून पाहायची सवय नसते अशीच माणसं शाळा तपासायला येतात, असा माझा अनुभव होता.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. सभागृहात उदबत्त्या, रांगोळी, स्वागतगीत. रंगारी सांगितल्याप्रमाणे डबा घेऊन आला होता आणि मागच्या दाराशी ओल्या अंगाने बसला होता. शिपायाने त्याला दोनदा हटकलं. "मालक यायचाय," एवढंच तो म्हणाला.

इन्स्पेक्टरसाहेब आले. कोट भिजलेला, मान ताठ. मागोमाग पाहुणे. उंच, चाळिशीचे, हसरे. त्यांनी आल्या आल्या मुलांना "केम छो?" विचारून सगळ्यांना चकित केलं. त्यांच्या गावातले सगळे दुकानदार गुजराती, त्यामुळे हिंदुस्थानात हीच भाषा चालते असा त्यांचा समज होता. उंबरगावच्या पलीकडे तो खराही ठरला असता.

मुख्याध्यापकांनी इंग्रजीत भाषण केलं. अंधकारातून प्रकाशाकडे, निद्रिस्त खंड, जागा झालेला सिंह, अणुयुग. पाहुणे नम्रपणे ऐकत होते. बोलता बोलता मुख्याध्यापकांनी हात भिंतीकडे केला, आणि पाहुणे खुर्चीवरून उठून नकाशापाशी गेले. चार पावलांची मर्यादा त्यांनी पाळली नाही. आपला देश भिंतीवर दिसला, की कोण चार पावलांवर थांबेल?

पावसाने भिंतीला ओल धरली होती. ते समोर उभे राहिले, आणि माझा टांगानिका वरच्या कोपऱ्यातून सुटला. हळूहळू पुढे वाकला, जसा एखादा दरबारी लवून मुजरा करतो तसा, आणि त्यांच्या बुटांवर पडला. बेटही मागोमाग गेलं.

इन्स्पेक्टरसाहेब पुढे झाले. "हे काय? इथे देशाचं नाव कुठे आहे?" त्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाईच्या पोस्टमास्तरांचं पुढचं कार्ड दिसू लागलं.

पाहुण्यांनी खाली वाकून कागद उचलला. मला वाचून दाखवायला सांगितला. मी जुनं नाव वाचलं. मग त्यांनी खड्ड्यावर हात फिरवला, विटेपर्यंत. कुंकवाच्या ठिपक्यांवर बोट टेकवलं आणि विचारलं, हे रक्त आहे का?

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी मोडक्या इंग्रजीत होडी, मालक, खरवडणं सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा मागच्या दारातून आवाज आला, "त्यांना इचारा मास्तर, नाव काय घालू? डबा आनलाय."

मी तेही विचारलं.

पाहुणे आधी हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, नाव अजून ठरायचं आहे. लोक नावं सुचवताहेत. आम्हालाही माहीत नाही. इतक्या दिवसांच्या प्रवासात मला जागोजागी नकाशे दाखवले, सगळ्यांवर काही ना काही लिहिलेलं होतं आणि सगळं चुकीचं होतं. हा एकच बरोबर आहे.

मी रंगाऱ्याला मराठीत सांगितलं, "अजून ठरायचंय म्हणतात."

"तेच तं मी सांगत होतो," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण ठोकून बसवलं.

इन्स्पेक्टरसाहेबांना सावरायला फार वेळ लागला नाही. त्या हुद्द्यावर पोचायला तेवढी चपळाई लागतेच. "अगदी बरोबर," ते पाहुण्यांना म्हणाले, "अधिकृत माहितीशिवाय काहीही लिहायचं नाही, अशी आमची सक्त सूचना असते." मुख्याध्यापक म्हणाले, "त्या सूचनेनुसारच मी ती जागा मुद्दाम रिकामी ठेवायला लावली." जाताना पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला, मग सरळ मागच्या दाराशी गेले आणि रंगाऱ्याचा हात घेतला. दोघं कोणत्या भाषेत बोलले कोण जाणे, पण बरंच बोलले. होडीच्या लांबीचे हातवारे मला दिसले.

शेरेबुकात इन्स्पेक्टरसाहेबांनी लिहिलं, की भूगोलाच्या अध्यापनात प्रशंसनीय अचूकता आढळली. प्रस्ताव खणातून निघाला. दिवाळीच्या तोंडावर मला कायम केल्याचा आदेश आला. कारकुनाने हजेरीपटावरच्या 'तात्पुरते' वर कागदाची पट्टी चिकटवली, उजेडात धरली की खालचं अजून वाचता येत होतं. त्याच सुमारास वर्तमानपत्रात नवं नावही आलं. मी सातपाटीला निरोप पाठवला. रंगारी येऊन दोन तासांत 'टांझानिया' घालून गेला. घरचंच काम होतं जणू, चहासुद्धा घेतला नाही. त्याला तारापूरला नव्या बांधकामाच्या पाट्या रंगवायचं काम मिळालं होतं. "तिथं नुसता 'धोका' लिवायचा," तो म्हणाला. "कोनाचा धोका, कोनाला, काय नाय. मालकाचा नावच नाय."

पोस्टमास्तरांना मी कार्ड न पाठवता चांगलं आठ पानी पत्र पाठवलं. इतकी वर्षं काय चाललं होतं ते त्यांना कळायला हवं होतं. ते त्यांनी घरात मोठ्याने वाचून दाखवलं, हे मला नंतर कळलं.

मार्गशीर्षात लग्न झालं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरून माझ्यापुढे ठेवले. नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. माझ्या आत्याने एक नाव महिनाभर आधीच काढून ठेवलं होतं, माझ्या नावाला शोभेल असं. मी अंगठी तांदळात टेकवली. शेजारून आवाज आला, फक्त मला ऐकू येईल इतका.

"जुनं खरवडून काढणार आहात का आधी?"

चहाच्या साखरेनंतर तिचं हे दुसरं वाक्य. मी थांबलो.

"तसं काही ठरवलं नाही," मी पुटपुटलो.

"मग लिहू नका. माझं मला आवडतं."

मी अंगठी उचलली. तांदूळ हाताने पसरून सारखे केले. आत्या पुढे वाकून ताटात पाहू लागली, चष्म्यातून, चष्म्यावरून. भटजीही वाकले.

"अरे, नाव कुठंय? काय ठेवलंस?"

"अजून ठरायचंय," मी म्हणालो.

आत्या जिवंत असेपर्यंत दर दिवाळीला विचारायची.